लघवीची जळजळ: उठता उठता, दाराच्या कडीवर हात ठेवून विचारले जाणारे प्रश्न

तासगाव-सांगली पट्ट्यात दवाखाना चालवताना एक गोष्ट रोज बघते. बाई आत येते, आधी गुडघे सांगते, मग ॲसिडिटी सांगते, बीपी मोजून घेते. आणि उठून जाताना, दाराच्या कडीवर हात ठेवून, हळूच म्हणते, "आणि मॅडम, लघवीला जरा आग होतीय." येण्याचं खरं कारण तेच असतं. कडीपाशी विचारलेले ते प्रश्न इथे बसून वाचता यावेत म्हणून लिहिलेत. औषधांची नावं दिलीत ती चिठ्ठीवरचं वाचता यावं म्हणून. मेडिकलमध्ये जाऊन परस्पर मागायला नव्हेत.

ही उन्हाळी आहे की इन्फेक्शन?

आपल्याकडे जळजळ झाली की "उन्हाळी लागली" म्हणायची पद्धत आहे, आणि ते अगदीच खोटं नाही. एप्रिल-मेच्या उन्हात घाम भरपूर जातो, पाणी कमी पडतं, लघवी गडद पिवळी आणि दाट होते. अशी लघवी चुरचुरते. तांब्याभर पाणी, ताक, शहाळं पोटात गेलं की दिवसभरात हा त्रास उतरतो.

इन्फेक्शनचं तसं नसतं. दर दहा-पंधरा मिनिटांनी घाई लागते, जाऊन बसलं तर चार थेंब, आणि शेवटच्या थेंबाला जीव कासावीस करणारी कळ. ओटीपोट जड वाटतं. लघवी गढूळ, उग्र वासाची, कधी लालसर. पाणी पिऊनही दुसऱ्या दिवशी तेच चालू असेल तर उन्हाळी म्हणून अंगावर काढू नका. पायाच्या अंगठ्याला चुना लावल्याने कुणाचं वाईट झालेलं मी पाहिलं नाही, पण मूत्राशयातल्या जंतूंना त्याचा पत्ताही लागत नाही.

मी तर रोज दोनदा अंघोळ करते. मग जंतू आले कुठून?

आपल्याच आतड्यातून. बहुतेक वेळा हा ई. कोलाय नावाचा जंतू असतो. आतड्यात तो निमूट राहतो, शौचाच्या जागेभोवतीच्या कातडीवरही असतो. तिथून पुढे सरकून मूत्रमार्गात शिरला की भांडण सुरू होतं. पुरुषाचा मूत्रमार्ग साधारण २० सेंटिमीटर लांब, बाईचा जेमतेम ४. शिवाय दोन्ही जागा शेजारी-शेजारी. म्हणून हा त्रास बायकांना इतका जास्त. निम्म्या बायकांना आयुष्यात एकदा तरी होतोच. यात अस्वच्छतेचा शिक्का कुणावर मारायचं कारण नाही, सासूने तर नाहीच नाही.

शौचानंतर धुताना हात पुढून मागे न्यायचा. मुलींना लहानपणीच ही सवय लावा.

एसटी स्टँडवरच्या संडासात गेल्यामुळे होतं ना?

जवळजवळ कधीच नाही. जंतू आपलेच असतात. त्या संडासाच्या धास्तीने सांगलीपासून पुण्यापर्यंत लघवी दाबून बसणं जास्त महाग पडतं. पाश्चात्य कमोडवर अधांतरी, अर्धवट वाकूनही बसू नका, त्याने मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. आपलं उकिडवं बसायचं भांडं असेल तर उत्तम.

मला वर्षातून तीनदा होतं. मी काय चुकतेय?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त द्राक्षबागेत जाणाऱ्या बायकांकडून ऐकायला मिळतो, म्हणून सविस्तर लिहिते.

एक चाळिशीची बाई सलग तीन महिने येत होती. प्रत्येक वेळी गोळ्यांनी बरं, पंधरा-वीस दिवसांनी परत तेच. शेवटी तिला दिवस विचारला. सकाळी सातला टेम्पोत, संध्याकाळी साडेसहाला घरी. विरळणीचं काम. "पाणी किती पिता?" "पाणी कशाला पिऊ मॅडम? प्यालं की जायला लागतं. जायचं कुठं?" मग तिने हाताने दाखवलं: द्राक्षाचा मांडव वरून दाट असतो, पण खालून सगळा मोकळा. या टोकाला बसलेलं माणूस त्या टोकाच्या मुकादमाला दिसतं. उसात निदान आडोसा असतो, ती म्हणाली. पण तोडणीच्या टोळीतल्या बायकांना विचारा, तो आडोसा त्यांच्याच कोयत्याने दर तासाला मागे सरकत जातो. बेदाण्याच्या शेडवरही तेच: निवडायला चाळीस बायका आणि संडास मालकाच्या घरात.

आता आत काय घडतं ते बघा. मूत्राशयात चुकून चार जंतू शिरले तर लघवीची धार त्यांना धुऊन बाहेर काढते. हे आपलं सगळ्यात साधं आणि सगळ्यात चांगलं औषध. पोषक जागा मिळाली की ई. कोलाय साधारण वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. दहा तास धारच सुटली नाही तर हिशोब तुम्हीच करा.

पाणी वाढवण्याने खरंच फरक पडतो का, हे नीट तपासून झालंय. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, वारंवार त्रास होणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या १४० बायका घेतल्या होत्या. निम्म्या जणींना रोजच्यापेक्षा दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. म्हणजे नुसत्या पाण्याने जवळपास निम्मा.

पण "पाणी प्या" एवढं सांगून बाईला घरी पाठवणं मला आता लबाडीचं वाटतं. जायला जागा नसेल तर ती पाणी पिणार नाही, आणि तिच्या जागी मी असते तर मीही प्यायले नसते. त्या बाईने पुढे टोळीतल्या अकरा जणींना बरोबर घेऊन बागमालकाला सांगितलं. त्याने आधी हसण्यावारी नेलं, मग विहिरीजवळ चार बांबू रोवून हिरवं शेडनेट गुंडाळलं, आत दोन फरश्या टाकल्या, एक बादली ठेवली. खर्च फारसा नाहीच. आता चहाला सुट्टी झाली की सगळ्या पाळीने जाऊन येतात. दर तीन तासांनी एकदा, एवढं जमलं तरी पुष्कळ.

पाण्याचं माप लिटरमध्ये मोजत बसू नका. लघवी फिक्या लिंबू सरबताच्या रंगाची हवी. गडद झाली की पाणी कमी पडतंय. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर मात्र पाणी किती हे आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

शाळेत जाणाऱ्या मुलीलाही होतं. तेच कारण?

बहुधा तेच. दप्तरातली पाण्याची बाटली संध्याकाळी भरलेलीच परत येते का ते बघा. शिवाय तिला रोज शौचाला साफ होतं का तेही विचारा. बद्धकोष्ठाने भरलेलं आतडं मूत्राशयावर दाब देतं आणि ते पूर्ण रिकामं होत नाही. लहान मुलीला तापासोबत असा त्रास झाला तर घरी उपाय न करता बालरोगतज्ज्ञाकडेच न्या.

रिपोर्टमध्ये पस सेल्स ८-१० आलेत. फार आहेत का?

हा आकडा घेऊन घाबरलेल्या बायका आठवड्याला दोन-तीन तरी येतात. पस सेल्स म्हणजे पांढऱ्या पेशी. पाचपर्यंत साधारण ठीक समजतात. पण आकड्याआधी माझा प्रश्न असतो: त्रास काही होतोय का? जळजळ नाही, घाई नाही, ताप नाही, आणि तपासणी दुसऱ्याच कशासाठी केली होती, तर ८-१० साठी अँटिबायोटिक घ्यायची गरज नसते. अंगावरून पांढरं जात असेल तर त्यातल्या पेशीही नमुन्यात उतरतात. त्याच कागदावर "एपिथेलियल सेल्स", म्हणजे बाहेरच्या कातडीच्या पेशी, भरपूर लिहिलं असेल तर नमुना नीट घेतला गेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

वय झालेल्या बायकांच्या लघवीत काही त्रास नसतानाही जंतू सापडतात. त्यांना तसंच राहू द्यायचं. गोळ्या दिल्या तर ते जंतू जातात आणि त्यांच्या जागी जास्त चिवट येतात. गरोदरपणात मात्र हा नियम उलटा, ते पुढे सांगते.

उलट पस सेल्स वारंवार भरपूर येतात आणि कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीत, काहीच उगवत नाही, असं झालं तर मूत्रमार्गाच्या टीबीचा विचार करावा लागतो. आपल्या देशात ते विसरून चालत नाही.

नमुना कसा द्यायचा?

आधी जागा साध्या पाण्याने धुवायची. पहिली धार सोडून द्यायची, मधली धार बाटलीत घ्यायची, शेवटची परत सोडायची. बाटली लॅबमधून मिळालेली निर्जंतुक असावी, औषधाची रिकामी बाटली उकळून आणलेली चालत नाही. झाकणाला आतून बोट लावायचं नाही. कल्चरचा नमुना अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी द्यायचा.

आणि बाटली दोन तासांच्या आत लॅबमध्ये पोचायला हवी. जतहून पहाटेची एसटी पकडून, बाटली पिशवीत भाकरीशेजारी ठेवून मिरजेला येणाऱ्या बायका मी पाहिल्यात. मे महिन्यात त्या प्रवासात बाटलीतले जंतू इतके वाढतात की रिपोर्ट त्या बसचा येतो, बाईचा नाही. लॅबमध्ये पोचल्यावर तिथेच नमुना द्या. ते जमणारच नसेल तर बाटली फ्रीजमध्ये ठेवा आणि बर्फाच्या पिशवीसोबत आणा.

कल्चरच्या कागदावर एस आणि आर लिहिलेलं असतं ते काय?

लघवीतला जंतू बशीत वाढवून त्याच्यावर वेगवेगळी औषधं लावून बघतात. ज्याने मरतो त्यापुढे एस, ज्याला दाद देत नाही त्यापुढे आर. याला दोन-तीन दिवस लागतात. जंतूंची संख्या एक मिलिलिटरला १ लाख किंवा जास्त आली तर सहसा खरं इन्फेक्शन मानतात. त्रास ठळक असेल तर कमी आकडाही मोजतात. "मिक्स्ड ग्रोथ", म्हणजे अनेक जातींचे जंतू एकत्र, आलं तर नमुना बहुतेक बिघडलेला. पहिल्यांदाच साधी जळजळ झालेल्या तरुण बाईला कल्चर लागतंच असं नाही. परत परत होणारी, गरोदर, मधुमेही, ताप असलेली, औषधाने उतार न पडलेली: या सगळ्यांना लागतं.

मागच्या वेळच्या चार गोळ्या उरल्यात. त्याच घेऊ?

नको. उरल्या म्हणजे मागच्या वेळी कोर्स अर्धवट सोडला होता, आणि आता चार गोळ्यांनी परत अर्धवटच होणार. शेजारणीच्या उरलेल्या तर त्याहून नको.

पूर्वी जळजळ म्हटलं की नॉरफ्लॉक्सॅसिन, असं समीकरण होतं. मेडिकलवाला न विचारता द्यायचा. इतकी वर्षं इतकी खाल्ली गेली की आपल्याकडच्या ई. कोलायपैकी मोठा हिस्सा आता या गटातल्या औषधांना भीक घालत नाही. साध्या मूत्राशयाच्या इन्फेक्शनला आज बहुधा नायट्रोफ्युरँटॉइन देतात, साधारण पाच दिवस, जेवणानंतर. किंवा फॉस्फोमायसिनची ३ ग्रॅमची पुडी, पाण्यात विरघळवून एकदाच. कुणाला काय चालेल हे किडनीचं काम, गरोदरपण, ॲलर्जी बघून ठरतं. गोळ्यांच्या पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ती चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही, हे लक्षात ठेवा.

दोन दिवसांत बरं वाटलं तरी सांगितलेले दिवस पूर्ण करा. दोन दिवसांत काहीच फरक नसेल तर परत या, तिथे मग औषध बदलावं लागतं.

गोड गुलाबी सिरपने मला लगेच बरं वाटतं. तेवढंच पुरेल?

ते सिरप लघवीतली आम्लता कमी करतं, म्हणून आग थांबते. जंतू तिथेच असतात. शिवाय नायट्रोफ्युरँटॉइन आम्लधर्मी लघवीत जास्त चांगलं काम करतं, तेव्हा दोन्ही एकत्र घेण्याआधी विचारा. दुखण्यासाठी साधी पॅरासिटामॉल आणि ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी, एवढ्यानेही पहिली रात्र निघते.

धने-जिऱ्याचं पाणी, बार्ली, गोखरू?

धने-जिरे, वाळा, सब्जा, बार्ली यांच्या निमित्ताने पोटात पाणी जातं, आणि तेच हवं असतं. खुशाल घ्या. गोखरूचा काढा मात्र बीपीची किंवा शुगरची औषधं चालू असताना मनाने घेऊ नका.

क्रॅनबेरीबद्दल विचारणाऱ्या शहरातल्या मुली असतात. वारंवार त्रास होणाऱ्या बायकांमध्ये ती पुढचा झटका टाळायला थोडी मदत करते, असं २०२३ च्या कॉक्रन आढाव्यात (अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात) दिसलं. चालू असलेलं इन्फेक्शन तिने बरं होत नाही. डी-मॅनोज ही याच त्रासासाठी विकली जाणारी एका साखरेची पावडर महाग असते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत तिचा फायदा दिसला नाही. आणि करवंद म्हणजे क्रॅनबेरी नव्हे, विक्रेता काहीही म्हणो. करवंदं चवीसाठी खा.

लग्नानंतर दोन महिन्यांतच सुरू झालं. नवऱ्यामुळे?

संबंधांच्या वेळी जवळपासचे जंतू मूत्रमार्गाच्या तोंडाशी ढकलले जातात, म्हणून नवीन लग्नानंतर हा त्रास पुष्कळ जणींना होतो. हा गुप्तरोग नाही. नवऱ्याला गोळ्या द्याव्या लागत नाहीत. संबंधांनंतर थोड्या वेळात लघवीला जाऊन या, आधी-नंतर ग्लासभर पाणी प्या. शुक्राणुनाशक लावलेले निरोध किंवा जेल वापरत असाल तर ते बदला, त्याने धोका वाढतो. प्रत्येक वेळी संबंधांनंतरच होत असेल तर त्या वेळेपुरती एक गोळी घेण्याची पद्धत आहे, डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला.

एक नवी नवरी सासूसोबत आली होती. सासू सगळी उत्तरं देत होती. मी सासूबाईंना बीपी मोजायला बाहेर पाठवलं तेव्हा कुठे मुलगी बोलली. सासवांनो, पाच मिनिटं बाहेर बसा.

जागा धुवायला ते खास वॉश वापरू?

नको. साधं पाणी पुरे. आतून धुणं, डेटॉल, सुगंधी साबण यांनी तिथले राखणदार जंतू मरतात आणि वाट मोकळी होते.

खाज आहे, दह्यासारखं पांढरं जातंय, लघवीलाही आग. हेच का?

हे बहुधा बुरशीचं इन्फेक्शन. त्यात आग लघवी बाहेरच्या कातडीला लागताना होते, आत नाही. औषध वेगळं. मधुमेही बायकांत हे जास्त, आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही शुगरची गोळी चालू असेल तर आणखी जास्त, कारण या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर काढतात. गोळी स्वतःहून बंद करू नका, पण देणाऱ्या डॉक्टरांना हे जरूर सांगा. आणि ज्यांना परत परत काही ना काही होतं त्यांनी एकदा शुगर तपासून घ्या. कित्येकींचा मधुमेह याच वाटेने सापडतो.

गरोदरपणात?

थांबायचं नाही. गर्भाच्या दाबाने आणि हार्मोन्समुळे लघवीचा निचरा मंदावतो, जंतू किडनीपर्यंत लवकर चढतात आणि वेळेआधी कळा सुरू होऊ शकतात. म्हणूनच पहिल्या तपासण्यांमध्ये, त्रास नसला तरी लघवीचं कल्चर करून घ्यावं, आणि जंतू निघाले तर उपचार घ्यावेत. या काळात चालणारी सुरक्षित औषधं आहेत. "पोटात बाळ आहे, गोळी नको" म्हणून बसणं बाळालाच महागात पडतं.

पाळी जाऊन दहा वर्षं झाली, आता का सुरू झालं?

पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, तिथली त्वचा पातळ आणि कोरडी होते, राखणदार जंतू कमी होतात. योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं मलम यावर चांगलं काम करतं. हार्मोनचं नाव ऐकून बायका दचकतात, पण हे अगदी थोडं असतं आणि बहुतेक जागच्या जागी राहतं. स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर आधी सांगा.

अंग बाहेर येत असेल तर तेही सांगा. त्याने मूत्राशय खाली ओढलं जातं, तळाशी लघवी साठून राहते, आणि कितीही गोळ्या घेतल्या तरी त्रास परततो.

पिशवी काढून टाकली की कायमची सुटका होईल का?

नाही. इथे शब्दांनी मोठा घोटाळा केलाय. लघवीची पिशवी वेगळी, गर्भाची पिशवी वेगळी. जळजळ लघवीच्या पिशवीत असते आणि बाई सांगते "पिशवीला सूज आहे असं म्हणाले", मग घरातले गर्भाची पिशवी काढायला तयार होतात. आपल्या कारखान्यांना ऊस तोडायला येणाऱ्या बीडच्या बायकांमध्ये गर्भाशयं काढण्याचं प्रमाण इतकं गाजलं की २०१९ मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. कुणी पिशवी काढा म्हणालं तर "कोणती पिशवी, आणि कशासाठी?" हे दोन प्रश्न विचारा, आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सही करू नका.

वारंवार म्हणजे किती वेळा? पुढे काय?

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा. मग दर वेळी कल्चर, शुगर, आणि गरजेप्रमाणे सोनोग्राफी करून मूतखडा किंवा मागे साठून राहणारी लघवी शोधायची.

कधी रात्रीच निघायचं?

हुडहुडी भरून ताप, बरगडीखाली पाठीकडे कुशीत दुखणं, उलट्या: हे किडनीचं इन्फेक्शन. तेव्हा नायट्रोफ्युरँटॉइन किंवा एका पुडीवर भागत नाही. लघवी अजिबात उतरत नसेल, गाठी पडण्याइतकं रक्त असेल, गरोदर किंवा मधुमेही बाईला ताप असेल, तरीही सकाळची वाट बघू नका. सांगलीचं सिव्हिल किंवा मिरजेचं सरकारी रुग्णालय रात्रभर उघडं असतं, गाडी नसेल तर १०८.

ताप नाही, दुखत नाही, पण लघवीतून रक्त जातंय, तेही चाळिशीनंतर, तर एकदाच गेलं आणि थांबलं तरी दाखवा. त्यामागे दुसरं काही असू शकतं.

गोळी सुरू केल्यापासून लघवी तपकिरी होतेय.

नायट्रोफ्युरँटॉइनचा रंग आहे. कोर्स संपला की जातो. साडीला डाग पडेल तेवढा जपा.